ऊस, ऊन आणि तेल

माळशिरस तालुक्यात दिवाळी आणि गळीत हंगाम मागेपुढे येतात. फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच ऊसतोड टोळ्या उतरतात, माळावर कोप्या उभ्या राहतात आणि अकलूज, माळीनगर, श्रीपूर, सदाशिवनगर या कारखान्यांच्या वाटा उसाच्या ट्रेलरांनी भरून जातात. गेल्या काही वर्षांत या वाहतुकीला एक नवा अर्थ आला आहे. हा ऊस पूर्वी साखरेसाठी जात असे. आता त्यातला काही भाग पेट्रोलपंपावर पोहोचतो. त्याच वेळी गावागावांत आवाज न करणाऱ्या विजेच्या स्कूटर दिसू लागल्या आहेत आणि माळरानावर सौर पट्ट्यांच्या रांगा उभ्या राहत आहेत. शेतकऱ्याला ‘अन्नदात्या’बरोबर ‘ऊर्जादाता’ म्हणण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

साहजिकच प्रश्न पडतो, की या सगळ्यामुळे खनिज तेलाची गरज संपेल का? पर्यायी ऊर्जा आणि विजेच्या गाड्या तेलाची जागा घेतील का? या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. एकाच तालुक्यात उभे राहून हिशेब मांडला, तर उत्तर त्याहून गुंतागुंतीचे येते. या तालुक्यापुरते ते थोडे अस्वस्थ करणारेही आहे.

तेल म्हणजे एक वस्तू नव्हे

पहिली अडचण शब्दातच आहे. ‘तेल’ म्हटले की डोळ्यांसमोर पेट्रोलपंप येतो. प्रत्यक्षात कच्च्या तेलाच्या एका पिंपातून शुद्धीकरण कारखान्यात स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, विमानाचे इंधन, डिझेल, नॅफ्था आणि तळाला डांबर असे अनेक पदार्थ एकदमच निघतात. २०२३-२४ या वर्षी भारतात पेट्रोलियम पदार्थांचा एकूण खप सुमारे २३ कोटी टन होता. त्यात डिझेल जवळजवळ ९ कोटी टन, पेट्रोल पावणेचार कोटी टनांच्या आसपास आणि स्वयंपाकाचा गॅस सुमारे ३ कोटी टन. म्हणजे ज्या पेट्रोलवरून आपली सगळी चर्चा चालते, ते एकूण खपाच्या सहाव्या हिश्शाएवढेच आहे. आपला देश खरा चालतो तो डिझेलवर.

आणि लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो.

हे माळशिरसच्या शेतात कसे दिसते ते पाहू. नांगरट डिझेलवर होते. सरी सोडायचे काम डिझेलवर. ठिबकच्या नळ्या ज्या प्लॅस्टिकच्या, त्याचा कच्चा माल खनिज तेल आणि वायूतून येतो. युरियाची गोणी नैसर्गिक वायूपासून बनते. तोडलेला ऊस कारखान्यावर नेणारा ट्रॅक्टर डिझेलवर. आषाढात धर्मपुरीपाशी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरीकडे जाते. वारकरी पायी चालतो. पण दिंडीचे सामान ट्रकमधून आणि पिण्याचे पाणी टँकरमधून येते. पायी चालण्याच्या या सोहळ्यालाही आज डिझेल लागते. तेव्हा ‘तेलाला पर्याय आहे का’ असे न विचारता ‘तेलाच्या कोणत्या कामाला पर्याय आहे’ असे विचारले पाहिजे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. सौरऊर्जा तेलाची जागा घेते, हे विधान जसेच्या तसे खरे नाही. आपल्याकडे तेल जाळून वीज जवळजवळ तयारच होत नाही; ती मुख्यतः कोळशापासून होते. सोलापूरजवळचा एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्पही कोळशाचाच. म्हणून सौर पट्टी कोळसा वाचवते. ती वीज एखाद्या वाहनाच्या बॅटरीत किंवा रेल्वेच्या तारेत गेली, तरच उन्हाचा तेलाशी संबंध येतो. डिझेल इंजिनाच्या जागी शेतात सौरपंप बसला, तर तिथेही थेट तेल वाचते. पण ज्या विहिरीवर आधीच विजेची मोटर आहे, तिथे नाही.

उसातले इंधन

उसाचा तेलाशी संबंध मात्र थेट आहे, आणि तो वाटतो तितका नवा नाही. नीरा नदीच्या उजव्या कालव्याचे पाणी आल्यावर या तालुक्याचे रूप पालटले. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी येथे येऊन १९३० च्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर काढलेल्या देशातल्या आरंभीच्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे सहकारी कारखाने आले. साखर आली की मळी येते आणि मळी आली की मद्यार्क. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, भारत सरकारने ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा केला होता, तो पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठीच. स्वस्त तेलाच्या काळात तो अडगळीत पडला आणि २००० साली रद्दही झाला.

मिश्रणाला खरी गती आली ती गेल्या दशकात. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल दीड टक्का होते. २०१८ चे जैवइंधन धोरण आले, आसवनी प्रकल्पांच्या कर्जांना व्याजात सवलत मिळाली, २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०३० चे २० टक्क्यांचे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच, २०२५ मध्ये, पूर्ण झाले. कारखान्यांना याचा फायदा झाला हे नाकारता येणार नाही. साखर गोदामात पडून राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्या मानाने लवकर येतात. ऊस गाळल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी द्यायची, हा नियम पाळण्याची ताकद अनेक कारखान्यांना या पैशातून मिळाली.

पण देशाच्या तेलाच्या गरजेत याने किती फरक पडला? हिशेब सोपा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलची खरी बचत तेरा टक्क्यांच्या आसपास होते. पेट्रोल हा एकूण खपाचा सहावा हिस्सा. तेरा टक्क्यांचा सहावा हिस्सा म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा अधिक. वर्षाला एक हजार कोटी लिटरच्या आसपास इथेनॉल लागते, त्यासाठी ऊस, तांदूळ आणि मका वापरला जातो, आणि त्यातून देशाच्या पेट्रोलियम खपाचा साधारण पन्नासावा भाग वाचतो. परकीय चलनाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. पण तिला ‘तेलाला पर्याय’ म्हणणे कठीण आहे.

आता पाण्याचा हिशेब. नीती आयोगाच्या इथेनॉलविषयक आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते. एकरी चाळीस टन ऊस धरला तर २८०० लिटर इथेनॉल. म्हणजे ऐंशी लाख लिटर पाणी. हे पाणी त्या एकरावर पसरले तर जवळजवळ दोन मीटर उंचीचा थर होईल. आणि सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उरलेले पाणी धरणातून, पाटातून आणि बोअरमधून येते. याच तालुक्याच्या दक्षिण अंगाची गावे नीरा-देवघरच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत आली आहेत. इंधन आयात करणे थांबवताना आपण ते पाण्याच्या रूपाने आपल्याच शेजारच्या गावातून तर उचलत नाही ना, असे विचारावेसे वाटते.

ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, त्या देशाने उसाच्या इथेनॉलचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि तो यशस्वीही केला. पण तिथला बराचसा ऊस पावसावर येतो. शिवाय त्या वाटेवर खाचखळगे होतेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस साखरेचा भाव वाढला, ऊस साखरेकडे वळला आणि निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांवर पंपापुढे रांगा लावायची वेळ आली. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने घातली. ती पुढच्या वर्षी उठली. पण इंधनाचे पीक पावसाच्या आणि साखरेच्या भावाच्या हाती असते, हे सगळ्यांना दिसले. तोवर मक्याने उसाला मागे टाकून इथेनॉलच्या कच्च्या मालात पहिले स्थान घेतले होते.

एक एकर, दोन पिके

उसाची पाने सूर्यप्रकाश घेऊनच साखर बनवतात. तेव्हा ऊस हाही सूर्यऊर्जेचाच मार्ग आहे. मग दोन मार्गांची तुलना एकाच एकरात करून पाहू.

वर सांगितलेले एकराचे २८०० लिटर इथेनॉल म्हणजे ऊर्जेच्या मापाने साधारण साडेअठराशे लिटर पेट्रोल. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार त्यावर सुमारे २८ हजार किलोमीटर जाईल. आता तोच एकर सौर पट्ट्यांनी भरला, तर त्यात २०० किलोवॉटचा संच बसतो. एका किलोवॉटमागे वर्षाला सुमारे १४०० युनिट धरले, तर २ लाख ८० हजार युनिट वीज मिळते. तारांत आणि चार्जिंगमध्ये पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, आणि विजेची मोटार युनिटला साडेसहा किलोमीटर धावते असे धरले, तर अंतर होते साडेचौदा लाख किलोमीटर. फरक पन्नास पटींचा आहे, आणि पट्ट्या धुण्यापुरतेच पाणी लागते.

यात चमत्कार नाही. वनस्पती पडलेल्या उन्हाचा अगदी लहान अंश साठवते. सौर पट्टी त्याचा पाचवा भाग विजेत बदलते. त्यात पुन्हा पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून हवेत सोडते आणि विजेची मोटर मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा चाकाला देते. म्हणूनच शंभर किलोमीटरला दोन लिटर पेट्रोल, म्हणजे अठरा युनिटांएवढी ऊर्जा, पिणाऱ्या स्कूटरच्या जागी विजेची स्कूटर तीन-साडेतीन युनिटांत भागवते. ती वीज कोळशाची असली, तरी औष्णिक केंद्रात जाळलेल्या कोळशाची उष्णता दहा युनिटांच्या आसपासच भरते. कोळशावर चार्ज केलेली गाडीही ऊर्जेच्या हिशेबात पेट्रोलपेक्षा काटकसरीचीच ठरते. आणि तो कोळसा बहुतांशी देशातला असतो.

तरीही हा हिशेब घेऊन ऊस मोडायला निघणे शहाणपणाचे नाही. उसाच्या एकरातून चिपाड मिळते, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. वाड्यावर जनावरे जगतात. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार. खर्च आणि कष्ट वजा केले तर हे भाडे उसाच्या नफ्याशी बरोबरी करू शकते. पण भाडे सातबाऱ्यावरच्या मालकाला मिळते. ऊसतोड जोडपे, गाडीवान, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, कारखान्यातला हंगामी कामगार यांचे नाव सातबाऱ्यावर नसते. तेव्हा सौर पट्ट्यांची जागा मुरमाड माळावर. काळ्या रानात नव्हे.

जिथे बॅटरी थकते

मग सगळेच विजेवर का नेऊ नये? इथे डिझेल आपली ताकद दाखवते. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आठ तास नांगरट करताना चाळीस लिटर डिझेल घेतो असे धरू. त्याचे वजन तेहतीस-चौतीस किलो. त्यातली एक तृतीयांश ऊर्जाच कामाला येते, तरी ती १३० युनिटांच्या आसपास असते. एवढी ऊर्जा द्यायला आजच्या बॅटरीचे वजन नऊशे किलो ते एक टन होईल. ट्रॅक्टरचेच वजन दोन टनांच्या घरात असते. शिवाय डिझेल पाच मिनिटांत भरता येते. शेताच्या बांधावर १३० युनिट चार्ज करायला कोणती डीपी पुरणार? ज्या गावात थ्री फेज वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री येते, तिथे हा प्रश्न थट्टेचा नाही.

तार ओढता येते तिथे मात्र डिझेल हटते. रेल्वेने ते करून दाखवले आहे; देशाच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या बसलाही वीज मानवते. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. १९४८ मध्ये एसटीची पहिली गाडीही याच तारखेला याच मार्गावर धावली होती. जगातही चित्र असेच आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्क्यांच्या आसपास पूर्ण विजेच्या होत्या. आपल्याकडे तीनचाकींत वीज वेगाने शिरली, दुचाकींत हळूहळू शिरते आहे आणि मोटारींत अजून उंबऱ्यावर आहे.

बॅटरीसाठी लागणारी खनिजे आणि त्यांवरची प्रक्रिया यांत चीनचे वर्चस्व आहे. म्हणजे अवलंबन संपत नाही, त्याचा पत्ता बदलतो. मात्र त्यात एक मोठा फरक आहे. आयात केलेले तेल त्याच आठवड्यात जळून जाते. आयात केलेली बॅटरी काही वर्षे चालते, आणि संपल्यावरही तिच्यातला धातू परत काढता येतो.

दोन पर्यायांची टक्कर

आता मूळ अडचणीकडे येऊ. इथेनॉल मिसळते ते पेट्रोलमध्ये. डिझेलमध्ये ते सहज मिसळत नाही. आणि विजेच्या गाड्या सर्वांत आधी कोणाची जागा घेतात? स्कूटर, मोटरसायकल आणि लहान मोटार, म्हणजे पेट्रोलच पिणाऱ्या वाहनांची. आपण ‘पर्यायी ऊर्जा’ या एका नावाखाली ज्या दोन गोष्टी शेजारी बसवतो, त्या प्रत्यक्षात एकाच ताटावर बसल्या आहेत. विजेची प्रत्येक स्कूटर पेट्रोलबरोबर त्यातल्या वीस टक्के इथेनॉललाही नकार देते. पेट्रोलचा खप जसा उतरेल, तशी इथेनॉलची बाजारपेठ उतरेल. डिझेल मात्र दोघांच्याही हाताबाहेर बराच काळ राहील. आणि शुद्धीकरण कारखान्यात दोन्ही एकाच पिंपातून निघत असल्याने, डिझेलची गरज कायम असेपर्यंत कच्च्या तेलाची आयात पेट्रोलच्या प्रमाणात घटणार नाही.

माळशिरससारख्या तालुक्याला याचा अर्थ फार जवळचा आहे. आसवनी प्रकल्पांची कर्जे काही वर्षांची असतात. खोडव्यासह उसाचे नियोजन दोन-तीन वर्षांचे असते. आणि स्कूटर बदलायला एका कुटुंबाला एक दिवाळी पुरते. पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गाने विजेची गाडी घेतली, तर त्याचा परिणाम शेवटी अकलूजच्या उसाच्या बिलावर उतरू शकतो. हे उद्या होणार नाही; वाहनांची एकूण संख्या वाढत असल्याने पेट्रोलचा खप अजून वाढतोच आहे. पण कर्ज फिटायच्या आत वळण येऊ शकते, एवढे धरून चालले पाहिजे.

जे विपुल आहे ते

मग उसाने काय करावे? जिथे बॅटरी थकते, तिथे जावे. एक वाट विमानाची आहे. अल्कोहोलपासून विमानाचे इंधन करता येते. १९ मे २०२३ रोजी देशी कच्च्या मालापासून बनवलेल्या शाश्वत इंधनाचा अल्प अंश मिसळून एक प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेले. ते इंधन पुण्याच्या प्राज उद्योगाने तयार केले होते. ही वाट महाग आहे, पण तिथे बॅटरी स्पर्धेला येत नाही.

दुसरी वाट जमिनीवरची आणि अधिक जवळची आहे. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड उरतो. त्यापासून बायोगॅस काढून शुद्ध केला, तर पंचवीस टनांमागे साधारण एक टन वायू मिळतो. म्हणजे शंभर टन उसामागे सव्वाशे ते दीडशे किलो. डिझेलच्या मापात दीडशे लिटरांहून अधिक. आता वाहतूक पाहा. वीस टन ऊस घेऊन ट्रॅक्टर पंचवीस किलोमीटर आला आणि रिकामा परत गेला, लिटरला तीन किलोमीटर पडले, तर सतरा लिटर. शंभर टनांना पंच्याऐंशी लिटर. वायूचे इंजिन डिझेलइतके काटकसरी नसते हे धरूनही, उसाच्या गाळातून उसाची वाहतूक भागू शकते, असा कागदावर तरी हिशेब लागतो. वायू काढून उरलेला गाळ खत म्हणून पुन्हा शेतात जातो. यासाठी उसाचे एकही कांडे जास्त लावावे लागत नाही आणि पाण्याचा एक थेंबही जास्त लागत नाही.

पर्याय निवडण्याची कसोटी यातच सापडते, असे वाटते. जे आपल्याकडे विपुल आहे त्यातून ऊर्जा काढावी. जे दुर्मीळ आहे ते जाळू नये. या तालुक्यात ऊन विपुल आहे, उसाचा गाळ आणि चिपाड विपुल आहे, पाणी नाही. उन्हाने स्कूटर, रिक्षा, मोटार आणि विहिरीवरचा पंप चालवावा. गाळाने ट्रॅक्टर चालवावा. साखर करताना ओघाने येणाऱ्या मळीतून इथेनॉल जरूर करावे; पण केवळ टाकी भरण्यासाठी नवा ऊस लावू नये.

एवढे सगळे केले तरी तेल उरेल: युरियाशी जोडलेल्या वायूत, ठिबकच्या नळीत, डांबरात, लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये आणि जहाजात. तेलाची जागा कोणी एक जण घेणार नाही. ती कामाकामाने वाटली जाईल, आणि काही जागा बराच काळ त्याच्याकडेच राहतील. म्हणून यंदाच्या हंगामात उसाचा पुढचा प्लॉट लावताना ‘इथेनॉल आहे, काळजी नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: पाणी कुठून येणार, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या किती वर्षे राहणार.